डॅशबोर्डमागची टकटक

प्रश्न : गाडी सात वर्षांची आहे, एसी ऑटोमॅटिक. चावी फिरवली की डॅशबोर्डच्या मागून ‘टक-टक-टक’ सुरू होते आणि दहा-बारा सेकंदांत थांबते. तापमान कमी-जास्त केले की पुन्हा तेच. गॅरेजवाले म्हणतात, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. खरेच गरज आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बहुधा नाही. इतक्यात डॅशबोर्ड उतरवायला देऊ नका. चावी फिरवताच येणारी आणि तापमान बदलल्यावर परतणारी टकटक जवळजवळ नेहमी एसीच्या फ्लॅपच्या ॲक्च्युएटरची असते. गार आणि गरम हवा किती मिसळायची, हवा तोंडावर सोडायची की पायांवर की काचेवर, बाहेरची घ्यायची की आतलीच फिरवायची, हे ठरवणारे फ्लॅप हीटर बॉक्समध्ये असतात. प्रत्येकाला काडेपेटीहून थोडी मोठी मोटर जोडलेली असते; तीच ॲक्च्युएटर. तिच्या आतले गिअर प्लास्टिकचे. एखादा दात तुटला की मोटर फिरते, गिअर घसरतो आणि प्रत्येक घसरणीला एक ‘टक’ ऐकू येते. अनेक गाड्यांत चावी फिरवल्यावर कंट्रोलर फ्लॅपची जागा तपासतो, म्हणून आवाज तेव्हाच सुरू होतो.

आधी तीन गोष्टी बाजूला काढा. स्टार्ट करतानाच भराभर टकटक होते आणि दिवे मंद पडतात, तर दोष बॅटरीचा. चांगली बॅटरी बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. टकटक सिग्नल दिल्यावरच आणि नेहमीपेक्षा जलद होत असेल, तर बल्ब गेला आहे. एसी चालू असताना मधूनमधून एकच ‘टक’ आणि लगेच इंजिनाच्या आवाजात फरक, हा कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले. त्यात बिघाड काही नाही.

आता इंजिन बंद, चावी ‘ऑन’वर, पंखा शून्यावर. गाडीत शांतता हवी. तापमान सर्वांत कमीवरून सर्वांत जास्तीवर न्या आणि थांबा. मग तेथेच ठेवून फक्त हवेची दिशा बदला. शेवटी आतली-बाहेरची हवा बदलणारे बटण दाबा. एका वेळी एकच. टकटक ज्या हालचालीला येते, तोच ॲक्च्युएटर. तुमच्या वर्णनावरून तो तापमानाचा दिसतो. तो बहुतेक गाड्यांत हीटर बॉक्सच्या बाजूला, पाय ठेवतो त्या जागेच्या वरच्या अंगाला असतो. हवा आत-बाहेर करणारा ॲक्च्युएटर ब्लोअरजवळ (एसीच्या पंख्याजवळ), म्हणजे डावीकडे ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा (बहुतेकदा १० नंबरचा पाना लागतो) आणि काही मिनिटे थांबा. पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या. त्यांना हात लावू नका. ॲक्च्युएटर दोन-तीन स्क्रूंवर बसवलेला असतो. खाली वाकून, अंदाजानेच काम करावे लागते, म्हणून चुंबक लावलेला स्क्रूड्रायव्हर घ्या. एक स्क्रू आत पडला तर तो शोधण्यातच तास जातो. ॲक्च्युएटर सुटला की फ्लॅपचा दांडा बोटांनी हळूच फिरवून पाहा. ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज फिरला, तर फ्लॅप ठीक आहे आणि फक्त ॲक्च्युएटर बदलायचा. मध्येच अडला, तर काचेखालच्या जाळीतून पडलेले पेन, नाणे किंवा सुकलेले पान आत असू शकते. ते न काढता नवा ॲक्च्युएटर बसवलात, तर त्याचेही दात जातील. फ्लॅपच तुटला असेल, तरच हीटर बॉक्स आणि डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ येते.

नवा भाग घेताना जुन्यावरचा नंबर जुळवा. तिन्ही ॲक्च्युएटर वरून सारखे दिसले, तरी दांड्याचा आकार वेगळा असू शकतो. तो जोराने पिळून जागेवर आणू नका. बॅटरी जोडल्यावर चावी ‘ऑन’ करून एक-दोन मिनिटे एसीच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका, म्हणजे कंट्रोलरला फ्लॅपची दोन्ही टोके कळतील. काही गाड्यांना यासाठी स्कॅनर लागतो.

भाग मिळेपर्यंत तापमान पूर्ण गारवर ठेवून ॲक्च्युएटरचा कनेक्टर काढला तरी चालेल. गोव्यात हीटर लागतो तरी कधी! मात्र दिशा बदलणारा ॲक्च्युएटर बिघडला असेल, तर पावसाळ्यात एक दिवसही थांबू नका. अनमोड किंवा चोर्ला घाटात काच धुरकटली आणि हवा काचेकडे वळलीच नाही, तर पुढचे वळण दिसणार नाही.

प्रश्न : गाडी फणसाखाली उभी असते. पंखा वाढवला की खरखर वाढते, आणि हल्ली डावीकडची मॅटही ओली असते.
– एक वाचक, साखळी

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे. वायपरखालच्या जाळीत पाला साचतो आणि पाणी जाण्याची वाट बुजते. मग पाणी आणि पाला दोन्ही ब्लोअरकडे उतरतात. जाळी साफ करून तिथे एक मग पाणी ओता. ते गाडीखाली वाहून गेले पाहिजे. मग ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढा. तुमच्याकडच्या तांबड्या धुळीत तो पुस्तिकेतल्या मुदतीआधीच भरतो. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. ब्लोअर साधारण तीन स्क्रूंवर खाली उतरतो. त्याच्या गोल पिंजऱ्यातला पाला ब्रशने काढा, पण पात्यांवर लावलेली छोटी धातूची क्लिप काढू नका. ती पंख्याचा तोल सांभाळते. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर मास्क लावा, जागा ओली करून पुसा, आणि आसपासच्या तारा कुरतडलेल्या नाहीत ना ते पाहा. मॅटखालचा फोमही वाळवा. तो ओला राहिला तर वास जात नाही. जाळी मोकळी करूनही मॅट ओली होत असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे का ते तपासा.

प्रश्न : जुनी जीप आहे. वेग वाढला की मीटरमागे टिकटिक वाढते, काटाही थरथरतो.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : स्पीडोमीटरची केबल कोरडी पडली आहे, किंवा कुठेतरी मुडपली आहे. मीटरकडचे टोक सोडा आणि जीप मोकळ्या जागेत थोडी चालवा. टिकटिक राहिली तर केबल, थांबली तर मीटर. केबल असेल, तर आतली तार ओढून काढा, पुसा, आणि गिअरबॉक्सकडच्या दोन-तृतीयांश भागाला ग्रीसचा पातळ हात द्या. मीटरकडचे टोक कोरडेच ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरते. तारेची चौकोनी टोके गोल झाली असतील, तर केबलच नवी घ्या आणि बसवताना तिला तीव्र वळण येऊ देऊ नका.