जांबोटीकडच्या गावात नेट नाही. लॅपटॉपवर सर्व्हलेटचा प्रोजेक्ट चालेल का?

बिनघोर चालेल. सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरवर चालणारा जावाचा प्रोग्राम, आणि तो चालवणारा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट. टॉमकॅट तुमच्याच लॅपटॉपवर आणि ब्राउझरही तिथंच. लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, या पत्त्यावरची मागणी मशीनच्या बाहेर जातच नाही. वायफाय बंद केलं तरी टॉमकॅटच्या ८०८० या पोर्टवर (दार क्रमांकावर) पान उघडतं.

नेट लागतं ते तयारीला. म्हणून सुट्टीला गावी निघण्याआधी बेळगावातच सगळं उतरवून घ्या. जेडीके (जावाचा कोड लिहून चालवायचा संच) आणि टॉमकॅटची झिप घ्या, इन्स्टॉलर नको. झिपमध्ये वेबॲप्सखाली डॉक्स आणि एक्झाम्पल्स असे दोन फोल्डर येतात. गुगल नसताना तोच तुमचा गुरुजी.

आवृत्तीकडे मात्र नीट बघा. कॉलेजात फिरणाऱ्या जुन्या नोट्समध्ये javax या नावाचं पॅकेज असतं, म्हणजे ‘जावाएक्स डॉट सर्व्हलेट’. टॉमकॅट ९ पर्यंत तेच चालतं. टॉमकॅट १० पासून त्या जागी ‘जकार्ता डॉट सर्व्हलेट’ आलं. जुना कोड १० वर टाकलात तर ॲनोटेशनने (कोडातल्या @WebServlet या खुणेने) नेमलेला सर्व्हलेट सापडतच नाही, नुसता ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतो, आणि लॉगमध्येही धड काही कळत नाही. गावात बसून हे कुणाला विचारणार? नोट्स जुन्या असतील तर सरळ ९ घ्या.

मेव्हन (लागणाऱ्या लायब्ररी नेटवरून आणून प्रोजेक्ट बिल्ड करणारं साधन) वापरत असाल तर नेट असताना प्रोजेक्ट एकदा पूर्ण बिल्ड करून, चालवून बघा. लागणाऱ्या जार फाइल्स (जावाच्या लायब्ररी) होम फोल्डरमधल्या ‘डॉट एम टू’मध्ये साठतात, पुढं मेव्हन ऑफलाइन मोडमध्ये चालवता येतं. फक्त पॉम फाइल (मेव्हनसाठीची लायब्ररींची यादी) लिहून निघालात तर फसाल. छोट्या प्रोजेक्टला मी तर मेव्हन घेणारच नाही. टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये सर्व्हलेट-एपीआयची जार असतेच, ती क्लासपाथमध्ये (लायब्ररी कुठं शोधायच्या त्या यादीत) दिली की जावासी, म्हणजे जेडीकेतला javac कंपायलर, कंपाइल करतं. मायएसक्यूएल डेटाबेस असेल तर त्याच्या ड्रायव्हरची जार तेवढी प्रोजेक्टमधल्या वेब-इन्फ (WEB-INF) फोल्डरच्या लिबमध्ये टाका.

पान सजवणाऱ्या बूटस्ट्रॅप, जेक्वेरी, गुगल फॉन्ट यांच्या बाहेरच्या लिंका एचटीएमएलमध्ये असतील तर सर्व्हलेट चालेल, पण पान उघडंबोडकं दिसेल. त्या फाइल्स प्रोजेक्टमध्येच ठेवा.

मित्राला त्याच्या फोनवर दाखवायचं असेल तर तुमच्या फोनचा हॉटस्पॉट लावा, डेटा नसला तरी चालतो. लॅपटॉप आणि त्याचा फोन दोन्ही हॉटस्पॉटला जोडा, विंडोजच्या आयपीकॉन्फिग (ipconfig) कमांडमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता बघा आणि मित्राच्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकून त्यापुढं :८०८० लावा. उघडलं नाही तर आधी विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला परवानगी द्या.

आणि लॅपटॉप चार्ज ठेवा हो, पावसाळ्यात त्या भागात करंट कधी जाईल सांगता येत नाही.