तीन रविवार गळाला काहीच नाही? आधी माशाचं तोंड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळे नाशिकला आलात, नऊ वर्षांच्या मुलाला माशांचं वेड आहे, म्हणून चांगली स्पिनिंग रॉड आणि चकाकणारे धातूचे चमचे (चमच्याच्या आकाराची कृत्रिम आमिषं) घेतलेत. डिसेंबरातले तीन रविवार पहाटे सहाला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, गंगाव्हऱ्याच्या बाजूला जाऊन बसलात आणि एकदाही दोरी हलली नाही. वर मुलगा विचारतोय, गळ लागल्यावर माशाला दुखतं का.

वीसेक वर्षं मी याच पाण्यांवर गळ टाकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रॉडमध्ये काही वाईट नाही. वेळ चुकली आणि आमिष चुकलं.

आधी वेळ. माशाच्या अंगाचं तापमान भोवतीच्या पाण्याइतकंच असतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात झळकतो तेव्हा आपल्या धरणांच्या काठचं उथळ पाणी रात्रभर वारा खाऊन गारठलेलं असतं. रोहू, कटला हे उबदार पाण्याचे मासे. रोहूला १४ अंशांखालचं पाणी मानवत नाही आणि त्याच्या बरंच आधी त्याची भूक मंदावते. पहाटे सहाला तो तुमच्या पायाशी येणारच नाही, खोल पाण्यात स्वस्थ पडलेला असतो. थंडीत साडेदहा-अकराला जा, ऊन काठावर चांगलं तापू द्या आणि चारच्या आत आवरा. मुलाची झोपही होईल. फेब्रुवारीच्या शेवटापासून मात्र गणित उलटं होतं. पाणी तापतं तसा त्यातला प्राणवायू घटतो: १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. एप्रिल-मेमध्ये म्हणून सकाळ-संध्याकाळच खरी, आणि ज्या काठावर वारा येऊन लाटा आपटतात तोच काठ धरायचा. तिथे पाणी घुसळलं जातं, शिवाय वाऱ्याने ढकललेले सूक्ष्म जीवही तिथेच गोळा होतात.

आता आमिष, आणि हे मला मुलासाठीच सांगायचंय. येत्या शनिवारी त्याला मासळी बाजारात घेऊन जा. रोहू, कटला आणि मृगळ शेजारी शेजारी ठेवलेले सापडतील. विक्रेत्याला विचारून त्याला तिन्ही माशांच्या ओठांवरून बोट फिरवू द्या. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि तोंड आभाळाकडे उघडतं, कारण तो वरच्या थरातले तरंगते सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा असतो. त्या झालरीने तो शेवाळ आणि पाणवनस्पती खरवडतो, मधल्या थरात फिरतो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळचा गाळ चिवडतो. तिघांच्याही जबड्यात एकही दात नाही! दात आहेत ते घशात. तोंडाने घास ओढून घ्यायचा, घशात चिरडायचा, नको वाटला तर थुंकायचा, असं त्यांचं खाणं.

एवढं कळलं की तुमचा चमचा का हलला नाही ते कळतं. पाण्यातून पळणारी चकाकती वस्तू म्हणजे पळणारा छोटा मासा, आणि त्याच्या मागे लागतो तो शिकारी: मरळ, शिवडा. रोहू-कटला त्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना कणकेचा मऊ गोळा हवा. मी शेंगदाण्याची पेंड दोन भाग आणि कणीक एक भाग घेतो, चिमूटभर हिंग घालतो आणि हाताला चिकटणार नाही इतपत मळतो. काही जण बडीशेपेवर विश्वास ठेवतात, माझा हिंगावर आहे. कटल्यासाठी गोळा पाण्याच्या वरच्या हातभर थरात लटकता ठेवा, रोहूसाठी अर्ध्या खोलीवर, मृगळासाठी तळाला टेकवा. म्हणजे वर तरंगणारी काडी आणि खाली शिसं, इतकंच लागतं. काडी थरथरली की लगेच झटका देऊ नका, तेव्हा मासा नुसता चाखत असतो. काडी तिरकी होऊन सरळ चालायला लागली की हलकेच उचला.

चाखण्याबद्दल आणखी एक. चव घेणाऱ्या कळ्या आपल्या जिभेवर असतात. कार्पच्या, म्हणजे रोहू-कटल्याच्या, जातीत त्या ओठांवर आणि मिशांवरही असतात, आणि शिंगटा, शिवडा अशा मिशाळ माशांच्या तर अख्ख्या कातडीवर. तो मासा अंगानेच पाणी चाखतो. गाडीत पेट्रोल भरून त्याच हातांनी कणीक मळलीत तर दिवस गेला. काठावर पोचल्यावर आधी तिथल्याच मातीने हात चोळून धुवा. साबण नको, तंबाखू तर नकोच.

तुम्ही लिहिलंय की मुलाला गप्प बसवून बसवून कंटाळलात. त्याला बोलू द्या हो! हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो, आत फार थोडा शिरतो. घात करतं ते पावलांचं दणकणं. काठावर उडी मारली, खुर्ची आपटली, दगड भिरकावला की तो हादरा जमिनीतून थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. रोहू, कटला, शिंगटा या सगळ्यांच्या पोटात हवेचा फुगा असतो आणि तिथपासून आतल्या कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते. फुगा आवाजाने कंप पावतो आणि साखळी तो कंप कानात पोचवते. म्हणून या माशांचे कान इतर बहुतेक माशांपेक्षा तिखट. माझ्या भाचीला हे सांगितल्यापासून ती काठावर मांजरीच्या पावलांनी चालते आणि तोंडाने अखंड बडबडते. मासे तिला माझ्याइतकेच लागतात. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली पाण्यावर पडते, तेवढं बघून बसायचं.

जागेबद्दल. धरणातला मासा कुणाचा तरी असतो, हे नाशिकमध्ये नवीन आलेल्यांना कुणी सांगत नाही. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती, चढती नदी लागते. म्हणून धरणात दरवर्षी मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते. ती बोटुकली हवी तेवढी मिळते याचं श्रेय डॉ. हिरालाल चौधरी यांना. त्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवून दाखवलं. १० जुलै आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. तर, धरणात बोटुकली सोडण्याचा खर्च ज्या मच्छीमार संस्थेने किंवा ठेकेदाराने केलेला असतो, तो मासा त्यांचा. गंगापूर असो, दारणा असो की मुकणे, ज्या घाटावर त्यांच्या होड्या लागतात तिथे आधी जा, नमस्कार करा, विचारा. कधी पैसे सांगतात, कधी नुसतं "बसा" म्हणतात, कधी नाही म्हणतात. नाही म्हटलं तर निघायचं. भिंतीजवळ आणि जिथे पाटबंधारे खात्याची पाटी आहे तिथे तर विचारायचाही प्रश्न नाही. गंगापूरचं पाणी शहर पितं, उरलेली कणीक, प्लास्टिक, तुटलेली दोरी सगळं परत आणायचं.

नांदूरमध्यमेश्वरला गळ नेऊ नका. ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचं २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. पण मुलाला दुर्बीण देऊन तिथे जरूर न्या. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि सूर मारतो, त्याच्याइतका सरस मासेमार आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही.

मुलाच्या पहिल्या माशासाठी माझी पसंती ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेततळ्याला. द्राक्षबागांच्या पट्ट्यात शेततळी पुष्कळ आहेत आणि अनेकांनी त्यात रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडलेत. मात्र प्लास्टिकच्या अस्तराचं तळं असेल तर कळकळीने सांगतो: तो उतार ओला झाला की मोठा माणूसही पोहत येऊन वर चढू शकत नाही. मुलाला लाइफ जॅकेट घाला, काठाला खुंटी ठोकून पाण्यापर्यंत गाठी मारलेला दोर सोडून ठेवा आणि त्यानंतरच गळ बाहेर काढा. हुक अस्तराला लागणार नाही हेही बघा, शेतकऱ्याचा मोठा खर्च असतो तो.

साध्या मातीच्या बंधाऱ्यावर गेलात तर चिलापी (तिलापिया) मिळेल, आणि मुलासाठी तिच्यासारखा मासा नाही. लहान हुक, गांडुळाचा तुकडा, झालं. मूळ आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली. तिची मादी अंडी तोंडात ठेवून उबवते आणि पिल्लं बाहेर आल्यावरही धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. साचलेल्या पाण्यात सहज वाढते, म्हणूनच ती आपल्या गावठी माशांच्या जागा बळकावते. चिलापी मी परत सोडत नाही, घरी आणून तळतो. दुसऱ्या पाण्यात नेऊन तर कुणीच सोडू नये.

पावसाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या पावसात चढणीचे मासे धरू नयेत. ओढ्यातून उलटे चढणारे ते मासे पोटात अंडी घेऊन निघालेले असतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी जुलैत वालदेवीवरच्या एका छोट्या बंधाऱ्यावर मला पाण्यावर वितभर लाल ठिपका दिसला, सरकत होता. जवळ गेलो तर शेकडो इवली पिल्लं, नारिंगी-लाल, एकमेकांना चिकटून, दर काही क्षणांनी वर येऊन हवा घेणारी. त्यांच्या खाली काळं, सापासारखं डोकं. मरळ. पाण्यात प्राणवायू कमी पडला तरी ती वर येऊन हवेत श्वास घेते, आणि पिल्लांची राखण आई-बाप करतात. मी चमचा टाकायला हात उचलला, तेव्हा शेजारी जाळं विणत बसलेले भोई समाजातले आजोबा एवढंच म्हणाले, "ती आत्ता भुकेनं नाय धरायची, रागानं धरंल. आन् मग ही पोरं सांजच्याला दुसऱ्याच्या पोटात." मी रॉड खाली ठेवली. तासभर तो लाल ठिपका काठाकाठाने फिरताना बघत बसलो.

महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाबद्दल मुलाने विचारलंच तर त्याला हे सांगा. आपल्या दख्खनी महाशीराचं शास्त्रीय नाव टॉर खुदरी. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन छापलं आणि लोकांच्या तोंडचं मराठी नावच शास्त्रीय नावात घेतलं. जगभरचे शास्त्रज्ञ आजही ते मराठी नाव उच्चारतात. रायगडच्या पायथ्याकडे वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात लोक या माशांना देवाचे म्हणून जपतात, तिथे एकदा मुलाला न्या. कुरमुरे टाकले की पाणी कसं उसळतं ते बघू द्या. गळाला महाशीर लागलाच तर तो परत पाण्यातच गेला पाहिजे.

आता मुलाचा तो प्रश्न, माशाला दुखतं का. हो, दुखतं, असंच सांगा. माशाच्या ओठांभोवती इजा जाणवणारे मज्जातंतू असतात, हे २००३ साली ट्राउट माशावर प्रयोग करून दाखवलं गेलं. खोटं सांगून मुलाला काठावर नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या हातात आहे ते करायचं. हुकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, म्हणजे हुक मागे सरकवला की निघतो. तिहेरी हुक काढून एकेरी लावा. मासा दमेपर्यंत खेळवत बसू नका. हात ओले करून मगच धरा, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो आणि कोरड्या हाताला तो निघून येतो. कल्ल्यात बोट घालायचं नाही. फोटो पाण्याच्या वर वितभर उंचीवरच काढा. शिंगट्याला मात्र मुठीत धरू नका: त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा उभा होऊन अडकतो. माझ्या तळहातात एकदा आरपार गेलाय, दोन आठवडे बोटं मिटत नव्हती.

गेल्या मार्चमध्ये दारणेच्या बॅकवॉटरला भाचीच्या काडीला अडीच किलोचा रोहू लागला. तिने गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याला दोन्ही तळव्यांवर सरळ धरलं. कल्ले उघडत होते, मिटत होते, ती मोठ्याने मोजत होती. एकोणिसाला त्याने शेपटी मारली आणि तिचा चेहरा भिजवून गेला.

तुमची रॉड विकू नका. चमचे जपून ठेवा, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर शिवड्यासाठी तेच लागतील. सध्या रॉडला एकेरी लहान हुक, काडी आणि थोडं शिसं लावा, कणीक घरून मळून न्या, आणि अकराच्या उन्हात बसा.