‘माय डॉग्ज आर बार्किंग’ म्हणजे पाय ठणकतायत

तू विचारलंस, “ताई, अमेरिकेत मिसुरीतल्या एका वृद्धांच्या केंद्रात फिजिओची नोकरी मिळालीये. इंग्रजीची टोफेल झाली, फिजिओच्या परवान्याची एनपीटीई परीक्षाही झाली, तरी सगळे म्हणतात तिथल्या म्हाताऱ्यांची बोली कळत नाही. काय वाचून येऊ?”

वाचून फारसं होणार नाही गं. मी सोळा वर्षं हेच काम करतेय, म्हणून उपयोगाचं तेवढं सांगते. ‘बॉलपार्क फिगर’ (अंदाजे आकडा), ‘टच बेस’ (थोडं बोलून घेणं) वगैरे ऑफिसातली भाषा पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. गाडं अडतं ते ऐंशीच्या पुढच्या माणसांपाशी, आणि तेही नेमकं दुखण्याखुपण्याचं बोलताना.

माझा तिसराच दिवस होता. एक शेतकरी आजोबा वॉकर धरून दहा पावलं चालले आणि म्हणाले, “माय डॉग्ज आर बार्किंग.” मी खिडकीबाहेर बघितलं. कुत्रं कुठेच नव्हतं! ‘डॉग्ज’ म्हणजे पावलं. ती ठणकतायत असं बिचारे सांगत होते आणि मी त्यांना आणखी एक फेरी मारायला लावली. संध्याकाळी मोजा काढला तर टाचेला हा एवढा फोड.

‘चार्ली हॉर्स’ म्हणजे पोटरीत आलेला गोळा. 1880च्या दशकातला बेसबॉल खेळाडूंचा शब्द आहे, अजून रोज ऐकू येतो. ‘स्टोव्ह अप’ म्हणजे अंग आखडलंय. ‘हिच इन माय गिडीअप’ म्हणजे चाल अडखळतेय. घोडा हाकायला ‘गिडीअप’ म्हणतात, त्यावरून. पण कुणी “आय हॅड अ स्पेल” म्हणालं तर व्यायाम तिथेच थांबव, बसव आणि नर्सला बोलाव. ‘स्पेल’ म्हणजे बहुधा भोवळ किंवा झटका, आणि सांगणारा तो अगदी सहज सांगून जातो. अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेल्या आजी “आय हॅव शुगर” म्हणाल्या तर तुला काही समजावून घ्यावं लागणार नाही. आपल्याकडे तरी ‘मधुमेह’ कोण म्हणतं?

“आय हॅव टू सी अ मॅन अबाउट अ हॉर्स” हे ऐकलंस की घोड्याची चौकशी करत बसू नकोस, बाथरूमचं दार उघड. आपलं ‘परसाकडे’ तसंच ते. मी एकदा हसून पुढे बोलत राहिले. नंतर काय झालं ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात फसवं उत्तर म्हणजे “कॅन्ट कम्प्लेन”. आपल्या मामा-काकांचं “चाललंय आपलं”, अगदी तेच. त्याचाच भाऊ ‘फेअर टू मिडलिंग’. ‘मिडलिंग’ ही कापसाची प्रत. विदर्भातल्या बाजारात जसा कापूस प्रतवारीने बघतात तसं हे लोक तब्येतीची प्रत सांगतात, आणि ती नेहमी मधलीच. त्यावर विसंबू नकोस. मी दर वेळी विचारते, “शून्य ते दहात किती?” परवाच एका ‘कॅन्ट कम्प्लेन’वाल्या आजोबांनी आठ सांगितले.

हौस असेल तर अमेरिकन प्रादेशिक इंग्रजीचा एक कोश आहे, विस्कॉन्सिन विद्यापीठाचा, ‘डेअर’ म्हणतात त्याला. 1965 ते 1970 या काळात माणसं गावोगाव पाठवून त्यांनी शब्द गोळा केले. लायब्ररीत चाळायला मजा येते, नोकरीसाठी गरज नाही.

आणि हे शब्द समजून घे, पण स्वतः वापरू नकोस. मी उत्साहात एकदा “आय अ‍ॅम ऑल स्टोव्ह अप” म्हणाले, तर अख्खी खोली हसली. बरोबरच होतं म्हणा. उद्या एखादा गोरा पोरगा “आमचे गुडघे पार कामातून गेले हो” म्हणाला तर आपणही हसूच.

एक आजी मात्र मला हसण्यापलीकडे आवडतात. त्या जीन्सला अजून ‘डंगरीज’ म्हणतात. तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला, तिथलं जाडंभरडं कापड त्या नावाने विकलं जायचं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. आता कुणीही नवीन आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, “माझी पँट हिच्या गावची आहे.” मी सोलापूरची, पण तो वाद मी सोडून दिलाय.

माझ्याकडे अशा शब्दांची एक वही आहे. फोटो हवे असतील तर सांग, अक्षर तेवढं लावून घे.