मास्टर सिलिंडर बदलल्यावर ब्रेक मऊ लागतोय, एबीएस मॉड्यूल बदलावं का?

तुम्ही लिहिलंय की उदगीरला मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदलला, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली, तरी पेडल मऊच लागतं आणि आता मेकॅनिक एबीएसचं (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूल बदला म्हणतोय. मॉड्यूलला एवढ्यात हात लावू देऊ नका. मी लातूरला गॅरेज चालवतो. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं मॉड्यूल चांगलं असतं, हवा कुठेतरी राहिलेली असते. आणि पेडल टणक होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, अगदी गावातल्या गावातसुद्धा.

आधी हे करून बघा. गाडी उभी, इंजिन चालू. पेडल एकदा दाबा, सोडा, मग लगेच दोन-तीनदा भराभर दाबा. दर दाबाला पेडल वर येतंय, पण पायाखाली दबतच राहतंय, तर हवा आहे. वर येऊन टणक होत असेल तर मागच्या ड्रमचे ब्रेक शू सैल असायची शक्यता जास्त. आणि पाय एकसारखा दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत ऑइल सोडतंय. नवा टाकलाय म्हणून त्याला वगळू नका, नवे पार्टही खराब निघतात. इंजिन सुरू केल्याबरोबर पेडल थोडं खाली जातं, ते पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमुळे. त्यात बिघाड काही नाही.

हवा असेल तर पहिला संशय मास्टर सिलिंडरवरच घ्या. नवा सिलिंडर बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, त्याच्या तोंडांतून नळ्या परत त्याच्यावरच्या ब्रेक ऑइलच्या डबीत सोडून, पिस्टन हळूहळू दाबत आतली हवा काढायची असते. पुष्कळ ठिकाणी घाईत हे राहून जातं. मेकॅनिकला सरळ विचारा, केलं होतं का. नसेल तर आता गाडीवरच सिलिंडरच्या पाइपांचे नट एकेक करून जरासे ढिले करून तिथली हवा काढता येते. खाली कापड धरा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

मग चाकं. चाकाच्या ब्रेकवरच्या निपलला (हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक सलाईनची नळी लावा आणि तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच पाय उचलायचा. इथेच गफलत होते. निपल उघडं असताना पाय उचलला की गेलेली हवा परत आत येते. नळीत आधी मोठे बुडबुडे दिसतात, मग मोहरीएवढे, मग नुसतं ऑइल. मोहरीएवढे दिसायला लागले म्हणून थांबू नका. डबी मधेच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. याआधी कधी कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उतरवले असतील तर निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतं आणि हवा वर अडकून बसते.

एवढं करूनही मऊपणा गेला नाही तर एबीएसच्या ब्लॉकचा, म्हणजे मॉड्यूलमधल्या व्हॉल्व्ह-पंपाच्या भागाचा, विचार करायचा. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात. एक एरवी उघडा असतो, त्यातून ऑइल चाकाकडे जातं. दुसरा एरवी बंद असतो. चाक लॉक व्हायला लागलं की तो उघडतो, दाब सोडतो, आणि ते ऑइल पंप परत मागे ढकलतो. आपण पायानं हवा काढतो तेव्हा ऑइल फक्त उघड्या वाटेनं वाहतं. बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे हवा गेली असेल तर लिटरभर ऑइल ओतलं तरी ती हलत नाही. ही हवा सगळ्यात धोक्याची, कारण तिच्यामुळे पेडल आज मऊ लागेलच असं नाही. हंगामात रात्री अंबाजोगाईच्या रस्त्याला रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते, तुम्ही जोरात ब्रेक मारता, एबीएस लागतं, पंप तीच हवा मुख्य लाइनमध्ये ढकलतो, आणि नेमकं तेव्हा पेडल खाली जातं.

ती काढायला स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरला जोडायचं तपासणी यंत्र) लागतो, ज्यात एबीएस ब्लीडिंगचा पर्याय असेल असा. मोबाइलला जोडायची स्वस्त उपकरणं बहुतेक फक्त इंजिनचे बिघाडाचे कोड वाचतात. स्कॅनर पंप आणि व्हॉल्व्ह चालवतो, घर्रर्र आवाज येतो, पेडल पायाला धक्के देतं. पंप करंट भरपूर ओढतो म्हणून बॅटरीला चार्जर लावून ठेवा. हे झाल्यावर चारही चाकांची हवा पुन्हा नेहमीसारखी काढायचीच. काही गाड्यांना कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे स्कॅनर लागतच नाही, तेव्हा आधी ते तपासा. चाकांचा क्रमही मॅन्युअलमधलाच घ्या. सगळ्यात लांबचं चाक आधी, हा नियम प्रत्येक गाडीला लागू पडत नाही.

मोकळ्या मैदानात मातीवर जोरात ब्रेक मारून एबीएस लागू द्यायचं आणि मग हवा काढायची, असाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मऊ पेडलवर हे अजिबात करू नका.

ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच, आणि नव्या सीलबंद डब्यातलं. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते एबीएसमध्ये घालायचं नाही. डॉट ५.१ वेगळं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषून जुनं झालं की हीच हद्द १५५ अंशांच्या आसपास येते. मे महिन्यात भरल्या गाडीनं मांजरसुंबा घाट उतरताना हा फरक जाणवू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलत जा.

तरीही मेकॅनिक मॉड्यूलवरच अडून राहिला तर त्याला दोन गोष्टी करायला लावा. मास्टर सिलिंडरच्या तोंडांना प्लग मारून पेडल दाबायचं. टणक लागलं तर सिलिंडर चांगला आणि त्यात हवाही नाही. आणि एबीएसचे कोड वाचून तुम्हाला दाखवायचे. गाडीचं मॉडेल आणि वर्ष कळवा, कोणत्या चाकापासून सुरुवात करायची ते सांगतो.