वाचकांचे प्रश्न : पावसात टिकणारे नंबरचे कुलूप

प्रश्न : देवगड तालुक्यात खाडीपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आमची हापूसची बाग आहे. बागेच्या लोखंडी फाटकाला एक आणि आतल्या पंपाच्या खोलीला एक अशी दोन कुलपे लागतात. हंगामात राखणीला नेपाळी कामगार असतात, फवारणीवाले येतात, पेट्या भरायला माणसे येतात आणि आम्ही स्वतः मुंबईला राहतो. किल्लीच्या चार प्रती केल्या होत्या. त्या कोणाकोणाकडे आहेत हे आता आम्हालाच सांगता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेले नंबरचे कुलूप मागवून फाटकाला लावले. गणपतीला गावी गेलो, तेव्हा त्याच्या चकत्या जागच्या हलेनात आणि शेवटी ते कापून काढावे लागले. कोकणच्या पावसात टिकेल असे नंबरचे कुलूप मिळते का? घेताना काय पाहावे?
– एक बागायतदार, जिल्हा सिंधुदुर्ग

उत्तर : मिळते, आणि आपली अडचण पाहता फाटकासाठी नंबरचे कुलूपच योग्य आहे. किल्ली एकदा दुसऱ्याच्या हाती गेली की तिच्यावरून किती किल्ल्या बनल्या हे कळायला काही मार्ग नसतो. आकडा मात्र हंगाम संपून राखणदार गावी गेले की दोन मिनिटांत बदलता येतो. फक्त ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर पुन्हा विसंबू नये. कोकणात कुलूप निकामी होते ते एकट्या पावसामुळे नव्हे. पावसाच्या आधी एप्रिल-मेमध्ये जांभ्याची तांबडी धूळ चकत्यांच्या फटींत जाऊन बसलेली असते, वर्षभर खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येत असते, आणि जूनमध्ये पाणी आत शिरले की या तिघांचे मिळून काम सुरू होते.

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी विहिरीजवळच्या खोलीला लावलेले असेच एक कुलूप दोन पावसाळ्यांनंतर अडकले. ते का अडकले हे पाहायचेच असे ठरवून मी ते करवतीने उभे चिरले. बाहेरची पितळी बाजू थोडी काळवंडली होती, एवढेच. आत मात्र प्रत्येक चकतीला ‘टक्’ असा थांबा देणारी जी बारीक पोलादी स्प्रिंग असते, तिचा गंजून भुगा झाला होता आणि तिच्याभोवती विटकरी रंगाचा लगदा वाळून दगडासारखा बसला होता. तो लगदा म्हणजे धूळ आणि मी स्वतः उन्हाळ्यात सोडलेले शिवणयंत्राचे तेल. तेव्हापासून कुलूप घेताना मी बाहेरच्या चकाकीपेक्षा तीन गोष्टी अधिक बारकाईने पाहतो : आतले भाग कोणत्या धातूचे आहेत, आत गेलेले पाणी बाहेर कुठून पडते, आणि चकत्यांच्या फटी किती रुंद आहेत.

या कुलपाची रचना समजली की हे का पाहायचे ते लक्षात येईल. प्रत्येक चकतीच्या आतल्या कड्याला एक खाच असते. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की आतली पट्टी सरकायला मोकळी होते आणि वरची वाकवलेली दांडी, जिला दुकानदार शॅकल म्हणतात, ती सुटते. एक जरी खाच धुळीने भरली किंवा एक जरी चकती अर्ध्यावर अडकली, तरी आकडा बरोबर असूनही कुलूप उघडत नाही. किल्लीच्या कुलपात एकच भोक झाकावे लागते. इथे चार चकत्यांच्या चार फटी उघड्या असतात. म्हणून बाहेरच्या वापरासाठी नंबरचे कुलूप किल्लीच्या कुलपापेक्षा अधिक पारखून घ्यावे लागते.

आधी धातूचे पाहू. स्वस्त कुलपांचा सांगाडा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि वर क्रोमचा किंवा रंगाचा पातळ थर असतो. थराला चरा गेला की खाऱ्या हवेत तिथे पांढरी भुकटी धरते आणि सांगाडा हळूहळू फुगून चकत्यांना आवळतो. पितळ काळे-हिरवे पडते, पण लोखंडासारखे पापुद्रे सुटून झिजत नाही, त्यामुळे सांगाडा भरीव पितळेचा असावा. पितळ आणि जस्त या दोन्हींना लोहचुंबक चिकटत नाही, तेव्हा चुंबकाने यातला फरक कळणार नाही. मात्र त्याच आकाराचे पितळी कुलूप हाताला स्पष्टपणे जड लागते, आणि तळाशी खिळ्याने बारीक ओरखडा काढला की पितळ पिवळे दिसते, जस्त राखाडी. पत्र्याचे थर रिव्हेट मारून जोडलेली कुलपे मजबूत असतात, पण थरांमधल्या फटींत पाणी धरून राहते. आपल्या फाटकासाठी ती घेऊ नयेत.

दांडीच्या बाबतीत मात्र लोहचुंबक उपयोगी पडतो. तो घट्ट चिकटला तर दांडी साध्या किंवा कठीण केलेल्या पोलादाची असून तिला वरून मुलामा दिला आहे असे समजावे. अशी दांडी कापायला कठीण असते, पण मुलामा घासला गेला की गंजते. स्टेनलेस स्टीलची दांडी गंजाला पुरून उरते, मात्र कापण्याला तितकी दाद न देणारी नसते. ही देवाणघेवाण मान्य करूनच निवड करावी लागते. स्टेनलेसमध्येही प्रकार आहेत. नेहमीच्या 304 प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि खाडीकाठी काही महिन्यांतच त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडू लागतात. 316 प्रतीत त्याखेरीज 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते, ते मिठाला अधिक काळ तोंड देते, म्हणूनच बोटींच्या सामानाला हीच प्रत वापरतात. खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवरच्या फाटकाला दांडी आणि आतल्या स्प्रिंगा 316 च्या मिळाल्या तर जास्तीचे पैसे जरूर द्यावेत. आतल्या भागांबद्दल वेष्टनावर एक शब्दही नसेल, तर ते साध्या पोलादाचे आहेत असे धरून चालावे.

वेष्टनावर कधी ‘आयपी 67’ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. 7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवूनही अपाय होईल इतके पाणी आत जात नाही. पण ही चाचणी मुळात विजेच्या उपकरणांच्या पेट्यांसाठी आहे, ती गोड्या पाण्यात होते आणि गंजाबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यापेक्षा मिठाच्या फवाऱ्याची चाचणी किती तास झाली हे पाहणे आपल्या कामाचे आहे. या चाचणीत 35 अंश सेल्सिअसला 5 टक्के मिठाच्या पाण्याचा अखंड फवारा मारतात. युरोपीय मानकात 96 तास टिकणाऱ्या वस्तूला तिसरी, 240 तास टिकणाऱ्या वस्तूला चौथी आणि 480 तास टिकणाऱ्या वस्तूला पाचवी श्रेणी मिळते. या तासांवरून आपल्या फाटकावर कुलूप किती वर्षे टिकेल याचे गणित मांडता येत नाही, मात्र दोन कुलपांत डावे-उजवे ठरवायला हा आकडा भरवशाचा आहे.

चकत्या कुठे असाव्यात, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : तळाशी. कुलूप टांगले की त्या जमिनीकडे तोंड करून राहतात, पावसाचा मारा थेट त्यांच्यावर येत नाही, आणि दांडीच्या भोकांतून शिरलेले पाणी खाली निथळून जाते. चकत्या समोरच्या बाजूला असतील, तर त्यांवर सरकते झाकण आणि तळाला पाणी निघायला छिद्र, दोन्ही असायला हवे. आकडे नुसते रंगवलेले नसावेत, कोरलेले असावेत. अंधारात बोटाने चाचपून कुलूप उघडायची वेळ बागेत नेहमी येते, आणि ज्या राखणदाराला आकडे वाचायची सवय नसते तो ‘टक् टक्’ मोजून उघडतो. चकतीचा थांबा हाताला स्पष्ट जाणवला पाहिजे.

तीन चकत्यांचे कुलूप घेऊ नये. त्यात फक्त 1,000 आकडे होतात आणि एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले तरी निवांत बसलेला माणूस 50 मिनिटांत सगळे फिरवून पाहू शकतो. चार चकत्यांत 10,000 आकडे होतात आणि तेच काम आठ तासांवर जाते. पण आपल्या लोकांची एक सवय या हिशेबावर पाणी टाकते : कुलूप लावल्यावर फक्त शेवटची चकती एक घर पुढे सरकवतात. मग पाहणाऱ्याला दहा प्रयत्न पुरतात. कुलूप लावले की चारही चकत्या विस्कटायच्या, हे राखणदाराला पहिल्याच दिवशी समोर उभे करून दाखवावे. 1234, सारखे चार आकडे, जन्मसाल आणि गाडीचा नंबर हे आकडे वर्ज्य मानावेत. नवीन आकडा बसवताना दांडी उघडी ठेवूनच तो तीन-चार वेळा लावून पाहावा. बसवताना चकती अर्धी सरकली असेल, तर भलताच आकडा बसतो आणि ते कुलूप बंद केल्यावरच कळते.

आता पंपाच्या खोलीबद्दल. तिथे नंबरचे कुलूप लावू नये, असा माझा सल्ला आहे. दांडी ओढून धरत एकेक चकती फिरवली की साधारण प्रतीच्या नंबरच्या कुलपात कोणती चकती कुठे अडते ते सरावलेल्या हाताला कळते, आणि आपल्या पंपाच्या खोलीकडे जून ते सप्टेंबर कोणी फिरकत नाही. फाटकाचे काम लोकांच्या येण्याजाण्याला शिस्त लावण्याचे आहे, खोलीचे काम मोटार वाचवण्याचे आहे. खोलीला पितळी सांगाड्याचे, चांगल्या प्रतीचे किल्लीचे कुलूप लावावे आणि त्याची किल्ली घरच्या माणसाकडेच राहावी. कोयंडाही एकदा तपासावा. गंजलेल्या पत्र्याचा कोयंडा बाहेरून दिसणाऱ्या चार स्क्रूंवर बसवला असेल, तर महागडे कुलूप व्यर्थ आहे; चोर कुलपाला हात न लावता पेचकस वापरतो. कोयंडा आरपार बोल्टने बसवून नट आतल्या बाजूला घ्यावेत. पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की लोखंड लवकर गंजते, तेव्हा कोयंड्याला दर वर्षी रंगाचा हात द्यावा.

निगा थोडी, पण वेळेवर लागते. मेच्या शेवटी कुलूप काढून गोड्या पाण्याने धुवावे, चकत्या पूर्ण फेऱ्याने फिरवत फटींतली माती जाऊ द्यावी, सावलीत वाळवावे आणि मग फटींत व दांडीच्या भोकांत सिलिकॉनचा फवारा थोडासा मारावा. खोबरेल, शिवणयंत्राचे तेल किंवा पंपाचे जळके ऑइल मुळीच घालू नये. वर सांगितलेला लगदा त्यातूनच तयार होतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गावातल्या कोणाला तरी कुलूप उघडून लावायला सांगावे, कारण न फिरलेली चकतीच अडकते. आणि कोकणात घरोघरी दिसते ती प्लास्टिकची पिशवी कुलपावर बांधू नये. तिच्या आत वाफ धरते आणि कुलूप चार महिने ओलेच राहते. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा उभा चिरून कोयंड्याच्या वर खिळ्याने ठोकावा आणि तो कुलपावर पडदीसारखा खाली मोकळा सोडावा. पाणी अडते, हवा खेळती राहते.

प्रश्न : आमच्या पुण्यातील सोसायटीत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला नंबरचे कुलूप आहे. आकडा बरोबर लावूनही ते आता उघडत नाही. कापण्यापूर्वी काही करता येईल का?
– सोसायटीच्या सचिव, पुणे

उत्तर : करता येईल. बहुतेक वेळा दांडी आतून ताणलेली असते आणि त्या ताणामुळे पट्टी खाचांत शिरत नाही. कुलूप हातात धरून दांडी आधी आत दाबावी, आकडा लावावा आणि मगच ओढावी. तेवढ्याने उघडले नाही, तर कोमट पाणी चकत्यांवर हळूहळू ओतत प्रत्येक चकती दोन्ही दिशांना फिरवावी, मग फटींत सिलिकॉनचा फवारा मारून अर्धा तास थांबावे. टाकीवरचे काम असल्याने खाली जाड कापड धरावे, म्हणजे यातले काही पाण्यात पडणार नाही. तरीही दाद न दिल्यास एकेक चकती एक घर मागे आणि एक घर पुढे करून पाहावी. थांबा झिजला की चकती दिसते एका आकड्यावर आणि खाच असते शेजारच्या घरात. अशा रीतीने कुलूप उघडले, तरी ते पुन्हा त्या झाकणाला लावू नये. पुण्याच्या हवेत मीठ नाही, त्यामुळे 304 प्रतीची दांडी आणि पितळी सांगाडा आपल्याला पुरेसा आहे. नवा आकडा मात्र सचिवांबरोबर आणखी एका पदाधिकाऱ्याच्या वहीत आणि पहारेकऱ्याकडेही बंद पाकिटात असू द्यावा; टाकी रात्री-अपरात्री उघडावी लागते.