विहिरीत पाण्याखाली जाणारा मोटरच्या केबलचा जॉइंट कसा मारावा?

तुमची ५ एचपीची पाणबुडी मोटर आहे, केबल पाइपला घासून मधेच कापली गेलीय आणि काळी चिकटपट्टी गुंडाळली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. मी एकदा हेच केलं होतं. महिना-दीड महिना मोटर चालली, मग स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला. मोटर वर ओढून टेप सोडली, तर आतलं तांबं हिरवं पडलेलं आणि एका वायरचं तोंड काळं ठिक्कर. त्या दिवसांत माझा पुतण्या त्याच विहिरीत पोहायला उतरत होता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आधी लाइटचं बघा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. थ्री फेज रात्री-अपरात्री येते आणि बऱ्याच पेट्यांत ऑटोस्विच असतो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू. तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, टेस्टर लावून पाहा, मगच केबलला हात लावा.

जॉइंट पाण्याच्या वर आणता येत असेल तर तोच मार्ग धरा. पातळी मात्र पावसाळ्यातली धरा. मे महिन्यात कोरडा दिसणारा जॉइंट ऑगस्टमध्ये पाण्यात असतो.

पाण्यातच जाणार असेल, तर त्याच जाडीची तांब्याची सबमर्सिबल केबल घ्या. तिन्ही वायरी एकाच जागी जोडू नका. एक लांब, एक मध्यम, एक आखूड अशा कापा, म्हणजे तिन्ही सांधे दोन-दोन इंच पुढेमागे येतील. एखादा सांधा कच्चा राहिला तरी तो शेजारच्याला भिडत नाही आणि केबलला गाठही येत नाही. लाल लालला, पिवळी पिवळीला, निळी निळीला. तांब्याची स्लीव्ह घालून दाबण्याच्या पकडीने घट्ट दाबा आणि ओढून पाहा. तांब्याचं एखादं टोक बाहेर डोकावत असेल तर कापून टाका, नाहीतर ते टेपला भोक पाडतं.

खरं काम इथून पुढे आहे. वायरीचं कव्हर दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच कोरड्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपरने हलकं खरवडा. हाताला तेल, घाम, माती नको. मग रबर टेप घ्या, ताणली की स्वतःलाच चिकटून एकजीव होते ती. दुप्पट लांब होईपर्यंत ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, प्रत्येक वायर वेगवेगळी गुंडाळा. जाडी मूळ कव्हरपेक्षा कमी नको. तिन्ही झाल्यावर एकत्र पुन्हा रबर टेप, आणि सगळ्यात वरून काळी टेप. काळीचं काम फक्त घासण्यापासून वाचवायचं. तिचा गोंद पाण्यात सुटतो आणि वेढ्यांमधून पाणी आत शिरतं. आत शिरलेलं पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून वातीसारखं पुढे चढतं, म्हणून कव्हरवर दुसरीकडे चीर असेल तर तीही अशीच बांधा.

मोटर सोडण्याआधी जॉइंट रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, टोकं बाहेर. सकाळी वायरिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीतून करंट बाहेर गळतोय का ते मेगाओहममध्ये दाखवणारं यंत्र) प्रत्येक वायर आणि बादलीतलं पाणी यांच्यामध्ये तपासून घ्या. काटा खाली आला तर टेप सोडून पुन्हा करा, कंटाळा करू नका. मोटर विहिरीत सोडल्यावर, स्टार्टरमधून वायरी सोडवून, अर्थला परत मोजा. नवी मोटर-केबल असेल तर २ मेगाओहमच्या वर यायला हवं. अर्ध्या मेगाओहमच्या खाली असेल तर चालवू नका.

मोटर दोरावर लटकवा, केबलवर कधीच नाही. केबल दर दहा फुटांवर पाइपला बांधा, जॉइंटच्या वर आणि खाली तर नक्कीच, मधे थोडी सैल ठेवून. चालू केल्यावर पाणी कमी फेकत असेल तर मोटर उलटी फिरत असू शकते. लाइट बंद करून स्टार्टरवर कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा, जॉइंट उकलायची गरज नाही.

आणि विहिरीत कोणीही उतरणार असेल, तर तितका वेळ फ्यूज त्याच्याच खिशात राहू द्या.