कस्टम रायफल मनासारखी झाली नाही आणि गनस्मिथ ऐकून घेत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या एका गनस्मिथकडून (बंदुका बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) रायफल बनवून घेतली, स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता नवा, नळी नवी, ट्रिगरचं काम वेगळं. आठ महिने थांबलात, सगळे पैसे देऊन झाले आणि १० मीटरवर ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉटची भोकं, पसरतोय. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "तुमचा हात अजून बसला नाही."

हेच वाक्य मीही ऐकलंय, म्हणून लिहितेय.

पहिलं सांगणं एवढंच, की आजपासून रायफलचा एकही स्क्रू फिरवू नका. रेंजवरच्या जाणत्या मित्रालाही "जरा बघतो" म्हणून हात लावू देऊ नका. एकदा उघडली की "तुम्ही उघडलीत म्हणून बिघडली" असं ते म्हणणार, आणि मग ते खोडून काढायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही. एक धोका मात्र आधी बघा. बोट न लावता, नुसत्या धक्क्याने ट्रिगर सुटत असेल, तर त्या रायफलमध्ये पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) भरूच नका. ती तशीच परत न्या.

दुसरं, नेमातून स्वतःचा हात बाजूला काढा. कोचना विचारून रेंजवर टेबल मागा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा आणि दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पेलेटचे प्रत्येकी १० शॉट मारा. मग तुमच्यापेक्षा स्थिर हात असलेल्या कुणाकडून तेच करून घ्या. टार्गेटवरचा १० गुणांचा बिंदू अवघा ०.५ मिमीचा असतो आणि पेलेट ४.५ मिमीची. टेकवून मारल्यावर चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलची सगळी भोकं मिळून जवळपास एकच भोक दिसतं, करंगळीच्या नखाखाली झाकेल एवढं. एका पेलेटने ग्रुप घट्ट आणि दुसरीने पसरलेला येत असेल, तर दोष रायफलचा नाही. पेलेटच्या डोक्याचा ४.४९ आणि ४.५० मिमी एवढा फरकसुद्धा काही नळ्यांना चालत नाही. दोघांच्या हातून, दोन्ही पेलेटनी ग्रुप पसरला, तर मात्र बोलायला जागा आहे.

माझं प्रकरण तिसऱ्याच जातीचं होतं. ग्रुप घट्ट यायचा, पण रोज वेगळ्या जागी. सोमवारी डावीकडे, गुरुवारी वर. मी पीप साइटला (नेम धरायच्या बारीक भोकाच्या साधनाला) दोष देत दोन महिने घालवले. मग एका ज्येष्ठ नेमबाजांनी साधी वहीच्या कागदाची पट्टी घेतली आणि नळी व लाकूड यांच्या फटीतून सरकवली. ती चार बोटं गेली आणि अडकली. जुलै होता, बाहेर धो धो पाऊस. स्टॉकचं लाकूड नीट मुरलेलं नव्हतं. हवेतला ओलावा पिऊन ते फुगलं होतं आणि नळीला एका बाजूने रेटत होतं. डिसेंबरात तीच पट्टी सरसर शेवटपर्यंत गेली. तुमचा ग्रुपही जागा बदलत असेल, तर ही पट्टी आधी सरकवून बघा. तिला स्क्रू काढावा लागत नाही.

मी सगळी टार्गेटं तारीख आणि पेलेटचं नाव घालून जपली होती. ती घेऊन माझ्या गनस्मिथकडे गेले आणि आवाज न चढवता म्हटलं, "काका, हे तुम्हीच बघा." आधी ते चिडले. मग त्यांनी स्वतः कागद सरकवला, अडकल्यावर पुन्हा सरकवला, आणि गप्प झाले. शेवटी त्यांनी स्टॉक आतून कोरून ॲक्शन (नळी जोडलेला धातूचा मुख्य भाग) नव्याने बसवून दिली आणि मजुरी घेतली नाही. पैसे परत मिळाले नाहीत. बटाची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबीही मी सांगितलेल्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त निघाली होती, पण ते माप मी तोंडीच सांगितलं होतं. ते अजून सलतं.

म्हणून तुमचं म्हणणं लेखी द्या. "रायफल चांगली नाही" असं मोघम लिहू नका. काय ठरलं होतं, काय मिळालं, आणि आता काय हवं (दुरुस्ती, नवा स्टॉक की पैसे परत) हे तारखेनिशी लिहा आणि १५ दिवसांची मुदत द्या. रायफल ठेवून येताना पोचपावती घ्या, तीवर सिरीयल नंबर आणि दोष दोन्ही लिहून घ्या.

तरीही दाद दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. स्वतःच्या वापरासाठी बनवून घेतलेली वस्तू आणि त्यावरचं काम, दोन्ही त्यात बसतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची. ५ लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीचं काम तर पुण्यातूनच सुरू झालं, त्यांच्या कार्यकर्त्यांचा सल्ला जरूर घ्या.

१० मीटर वाचून मी एअर रायफल (हवेच्या दाबावर चालणारी) धरून लिहिलं, पण ती एअर आहे की फायरआर्म (दारूच्या काडतुसाची), हे तुम्ही लिहिलेलं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण गनस्मिथने स्प्रिंग बदलून जोर वाढवला असेल, तर क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग मोजून घ्याच. ०.५३ ग्रॅमची पेलेट सेकंदाला २७५ मीटरच्या वर गेली की २० ज्यूल ओलांडले. मॅच रायफलला साधारण १७५ पुरतात. फायरआर्म असेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना हवा. तो पाहिल्याशिवाय हत्यार पुन्हा त्यांच्या हाती देऊ नका.

टार्गेटांचे फोटो, पेलेटचं नाव आणि कागदाची पट्टी किती आत गेली, एवढं खाली लिहा. मी बघून सांगते.